तापलेला सायलेन्सर आणि नागपूरचा उन्हाळा: एक प्रकरण

गाडी २०१८ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४, चार सिलिंडर, प्रत्येक प्लगवर ठिणगीचं व्होल्टेज पुरवणारी स्वतंत्र कॉइल. ९० हजार किलोमीटरच्या पुढे धावलेली, पण एकंदरीत नीट ठेवलेली. मालक मनीषनगरात राहतात, काटोल तालुक्यात त्यांची संत्र्याची बाग आहे, त्यामुळे काटोल रोड त्यांच्या नित्याचा. मे महिन्यात ते गॅरेजला आले ते थोडे हादरलेलेच.

"भाऊ, धुऱ्यावर गाडी लावली न् दहा मिन्टात खालून धूर निंगाला. सालदारानं पाणी मारलं म्हणून वाचली गाडी."

धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, वाळलेलं गवत गाडीच्या पोटाला लागत होतं. शेतात गाडी नेणाऱ्यांना हे नवीन नाही, पण इतकी वर्षं त्याच जागी गाडी लावूनही कधी असं झालं नव्हतं. शिवाय समोरच्या डाव्या सीटखालची फरशी चटका बसावा इतकी तापत होती, आणि फेटरीच्या पुढे रस्ता मोकळा लागून गाडीने वेग धरला की सडक्या अंड्यासारखा वास येत होता. अ‍ॅव्हरेज सोळावरून बारा-तेरावर आलेलं.

आमच्याकडे येण्याआधी गाडी दोन ठिकाणी दाखवून झाली होती. पहिल्याने सांगितलं, उन्हाळा आहे, सायलेन्सर तापणारच. दुसऱ्याने स्कॅनर लावून एरर उडवली, कॅट (धुरातले विषारी वायू जाळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) बसली, म्हणजे तुंबली, आहे असं निदान केलं आणि आतली जाळी काढून टाकायचा स्वस्तातला उपाय सुचवला. मालकांचा स्वतःचा संशय तिसराच होता: "पेट्रोलात इथेनॉल घालून राहिले ना, त्याच्यानंच होऊन राहिलं असंन." तिन्ही म्हणण्यांत थोडं थोडं तथ्य होतं, म्हणूनच ती तपासून बाजूला सारणं गरजेचं होतं.

उन्हाळ्याचा हिशेब

नागपुरात मे महिन्यात गाडीचं काहीही बिघडलं की उन्हाचं नाव घेणं सोपं असतं. उन्हाची ताकद मोठी आहेच. २३ मे २०१३ला इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पण हिशेब करून पाहा. जानेवारीतली दुपार आणि मे महिन्यातली दुपार यांत फरक पंधरा-वीस अंशांचा. इंजिनात जाणारी हवा तेवढी जास्त गरम असेल तर बाहेर पडणारा धूरही ढोबळमानाने तेवढाच, फार तर थोडा जास्त गरम होईल. मॅनिफोल्डमधून, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांमधून, निघणारा धूर मुळात चारशे ते आठशे अंशांच्या टापूत असतो. तिथे वीस-तीस अंशांची भर पडल्याने गवत पेटत नाही.

उन्हाचा एक आडमार्गाने होणारा परिणाम मात्र खरा आहे. आत जाणारी हवा फार तापली की इंजिन नॉक करू लागतं, म्हणजे पेट्रोल वेळेआधी आपोआप भडकून ठकठक होते. नॉक सेन्सरला ते कळलं की संगणक ठिणगी उशिरा टाकतो. ठिणगी उशिरा पडली की जळणही उशिरा होतं, पिस्टनला ढकलण्यात खर्ची पडायची उष्णता तशीच एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर जाते. त्यामुळे उन्हाळ्यात, चढावर, एसी लावून, चार माणसं बसवून गेलं तर सायलेन्सर जास्त तापतो हे बरोबर. पण या गाडीत स्कॅनरवर ठिणगीची वेळ पाहिली तर नॉकमुळे मागे ओढलेली क्रँकच्या दोन-तीन अंशांपलीकडे (हे अंश फिरण्याचे, तापमानाचे नव्हेत) नव्हती. मे महिन्यात एवढं चालतंच.

इथेनॉलचंही तसंच. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त लागतं. ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि संगणक इंजेक्शनची वेळ काही टक्क्यांनी वाढवतो. पण ही वाढ चारही सिलिंडरांना सारखी लागू होते. इथे पुढे जे सापडलं ते एकाच सिलिंडरचं दुखणं होतं, आणि टाकीतलं पेट्रोल एका सिलिंडरला वेगळं आणि तिघांना वेगळं जात नाही.

गाडीखाली

जळका वास आणि तापलेली फरशी अशी तक्रार आली की स्कॅनर उचलायच्या आधी गाडी लिफ्टवर घ्यावी. कित्येकदा सायलेन्सरला चिकटून वितळलेली प्लास्टिकची पिशवी सापडते आणि प्रकरण तिथेच मिटतं. हँडब्रेक अर्धवट अडकून मागचं चाक तापत असेल तरी वास जवळपास तसाच वाटतो. इथे चारही चाकं मोकळी होती, पिशवी नव्हती.

दिसलं ते असं. कॅटवरच्या हीट शील्डचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचा, एक बोल्ट गायब, पत्रा एका बाजूने लोंबत होता आणि त्याच्या फटीत गवताच्या काड्या अडकल्या होत्या, काहींची टोकं काळी. कॅटच्या मागचं सायलेन्सर लटकवायचं रबर दगडासारखं कडक. सगळ्यात बोलका होता पाइपचा रंग. कॅटच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, पाइप नेहमीचा मळकट पिवळसर. कॅटच्या मागे मात्र हातभर लांबीचा निळा-जांभळा पट्टा. स्टेनलेस स्टीलवर असा निळा रंग चढायला पाचशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमान लागतं. म्हणजे धूर कॅटमध्ये शिरताना जितका गरम होता त्यापेक्षा कितीतरी जास्त गरम होऊन बाहेर पडत होता.

इथेच 'कॅट बसली आहे' हे निदान डळमळलं. कॅट नुसती तुंबली असती तर उष्णता तिच्या पुढे साचली असती, मॅनिफोल्डकडची बाजू जास्त तापली असती आणि मागचा पाइप त्या मानाने थंड राहिला असता. इथे उलटं होतं. आग कॅटच्या आत लागत होती.

तापमान मोजताना

दुसऱ्या गॅरेजमध्ये बंदुकीने तापमान मोजलं होतं, आणि कॅटमागच्या पाइपवर दोनशेच्या आसपास आकडा आला म्हणून 'एवढं नॉर्मल आहे' असंही सांगितलं होतं. तो आकडा बंदुकीने खोटा दाखवला नव्हता, पण तो पाइपच्या तापमानाचा नव्हता.

इन्फ्रारेड बंदूक वस्तूकडून येणारी उष्णतेची किरणं मोजते आणि वस्तू काळपट, खरखरीत आहे असं गृहीत धरून आकडा दाखवते. चकचकीत स्टील त्या मानाने फारच कमी किरणं सोडतं, त्यामुळे बंदूक त्याला निम्म्यानेही कमी लेखू शकते. उपाय सोपा आहे. थंड पाइपवर कॅटच्या पुढे आणि मागे रुपयाएवढा ठिपका उष्णता सहन करणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा मारायचा, तो वाळू द्यायचा आणि गाडी फिरवून आणल्यावर बंदूक त्याच ठिपक्यावर रोखायची. स्वस्त बंदुका ३८० किंवा ५५० अंशांपलीकडे मोजतच नाहीत, तेही आधी तिच्या पाठीवर वाचून घ्यावं.

काटोल रोडवर गाडी दाबून चालवून आणली आणि लगेच लिफ्टवर घेतली. कॅटच्या पुढच्या ठिपक्यावर ३१०, मागच्या ठिपक्यावर ४८०. त्याच मागच्या पाइपवर, ठिपक्यापासून दोन बोटं सरकून उघड्या स्टीलवर, २१४. निरोगी पेट्रोल गाडीत कॅटच्या पुढच्या-मागच्या पाइपात फरक थोडाच असतो, वीस-तीस अंशांचा. कधी मागचा पाइप किंचित गारही निघतो. १७० अंशांचा फरक म्हणजे आत कुणीतरी चांगलंच इंधन ओतत होतं. हे आकडे पाइपच्या बाहेरच्या अंगाचे. आतलं याहून बरंच जास्त. वाळलेलं गवत तीनशेच्या आसपास तापलेल्या धातूला टेकून राहिलं की धुमसायला लागतं, तेव्हा धुऱ्यावर काय झालं त्याचं कोडं इथेच सुटलं.

मोजण्याच्या यंत्रावर डोळे झाकून विश्वास टाकण्याचा मोठा किस्सा नागपूरकरांच्या आठवणीत ताजा आहे. ३० मे २०२४ला शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. पुढे हवामान खात्यालाच सांगावं लागलं की सेन्सर बिघडला होता. तिथे आकडा फुगला होता, इथे बसला होता, एवढाच फरक.

इंधन कुठून आलं?

पेट्रोलमधल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश वाटा धुरावाटे जातो, जवळपास तेवढाच पाण्यात आणि रेडिएटरमध्ये, आणि उरलेल्यातून चाकं फिरतात. हा निरोगी इंजिनाचा हिशेब. एखाद्या सिलिंडरने ठिणगीच चुकवली तर त्या फेरीतलं सगळं पेट्रोल न जळता, सोबतच्या न वापरलेल्या ऑक्सिजनसकट एक्झॉस्टमध्ये जातं. कॅट तीनशेच्या आसपास एकदा तापली की तिच्या जाळीवरचे प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू असल्या मिश्रणाची वाटच पाहत असतात. चुलीत न पेटलेलं लाकूड धुराड्यात जाऊन भडकावं तसं ते तिथे जळतं. तिचं कामच ते आहे, पण चिमूटभर उरलंसुरलं जाळायचं, घोटभर पेट्रोल नव्हे. नऊशे अंशांच्या पुढे जाळीवरचे धातू गोळा होऊन निकामी व्हायला लागतात, आणि चौदाशेच्या आसपास खुद्द चिनीमातीची जाळीच वितळते.

म्हणून मालकांना विचारलं: चेक लाइट कधी लुकलुकली होती का?

"हो तर. हायवेवर लुकलुक करत होती, मंग आपोआप थांबली. मले वाटलं सेन्सर खराब झाला असंन."

हा प्रश्न प्रत्येक गाडीमालकाने ध्यानात ठेवावा असा आहे. दिवा सतत पेटलेला असेल तर गाडी दाखवायची आहे. लुकलुकत असेल तर कॅट जळेल इतकं मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकणं, या क्षणी चालू आहे. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा आणि हळू हळू जवळच्या ठिकाणी जायचं.

स्कॅनरमध्ये दुसऱ्या गॅरेजने उडवलेल्या दोन्ही एरर परत येऊन बसल्या होत्या: पी-०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग, आणि पी-०४२०, म्हणजे कॅटचं काम नीट होत नाही. तिथल्यांनी बहुधा दुसरीच मनावर घेतली. माझ्या मते दोन्ही एकत्र दिसल्या की पी-०४२० आधी विसरून जावी. ती परिणाम सांगते.

तिसरी गोष्ट फ्युएल ट्रिमची. संगणक नेहमीपेक्षा ११ टक्के जास्त पेट्रोल देत होता. वरवर पाहिलं तर गाडी लीन चालते आहे, कुठून तरी फुकटची हवा शिरते आहे, इंजेक्टर साफ करा असंच कुणालाही वाटेल. पण ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो उरलेला ऑक्सिजन मोजतो. ठिणगी चुकलेल्या सिलिंडरचा सगळा ऑक्सिजन त्याच्यासमोरून जातो, सेन्सर म्हणतो मिश्रण पातळ आहे, संगणक चारही सिलिंडरांना पेट्रोल वाढवून देतो. आता दोन नंबर आणखी जास्त पेट्रोल न जाळता ढकलतो आणि बाकीचे तिघे गरजेपेक्षा जाड मिश्रणावर चालतात. कॅटला दोन्हीकडून खाद्य. सडक्या अंड्यांचा वास आणि घसरलेलं अ‍ॅव्हरेज याच चक्रातून आलेलं. खात्रीसाठी इनटेकला धूर सोडून गळती पाहिली, कुठेही नव्हती.

दोन नंबर का चुकतो?

आयडलवर गाडी घड्याळासारखी. मिसिंगचे आकडे शून्य. इंजिन थंड असताना दाबली तरी शून्य. पण अर्धा तास चालवून, तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगावरून दाबली की दोन नंबरचा आकडा भराभर चढायचा. गॅरेजमध्ये उभी करून तपासणाऱ्याला ही गाडी ठणठणीतच दिसणार.

दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरवर लावली, तीनची दोनवर. बाकी कशालाही हात लावला नाही. पुन्हा तीच फेरी, आणि एरर आली पी-०३०३. दुखणं कॉइलसोबत चालत गेलं, म्हणजे इंजेक्टर, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन हे सगळे एका झटक्यात सुटले. कुठलंही महागडं यंत्र न लावता इतका निर्णायक पुरावा देणारी चाचणी क्वचित मिळते, तरी तिचा आळस का होतो हे मला उमगत नाही.

कॉइलच्या रबरी बुटावर, आतल्या अंगाला, पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी रेघ होती. ठिणगीने प्लगच्या टोकाला जायचं सोडून बाजूने पळवाट काढल्याची ती खूण. चारही प्लग पहिल्यापासूनचे. कंपनीने सांगितलेली गॅप १.१ मिलिमीटर, फीलर गेजने निघाली १.४ ते १.५. गॅप वाढली की ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. गाडी दाबली की सिलिंडरमधला दाब वाढतो, त्याने आणखी जास्त. कॉइल तापली की तिच्या आतलं इन्सुलेशन ढिलं पडतं. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ठिणगी चुकते, आणि त्या एकत्र येतात मे महिन्यातल्या दुपारी काटोल रोडवर. उन्हाचा एवढा हात मात्र यात होता.

कॅटचं काय करायचं

नवी कॉइल आणि चार प्लग घाट रोडवरून आणून टाकले. कॅटला मुद्दाम हात लावला नाही. तीच फेरी मारून ठिपके पुन्हा मोजले: पुढे ३०५, मागे ३२०. जुनी, अर्धी जळलेली कॅट जागेवर असतानाच मागची आग विझली होती. कॅट आधी बदलली असती तर नवीही त्याच वाटेने गेली असती, आणि तिची किंमत कॉइलच्या कितीतरी पट.

तरी ती ठेवण्यासारखी नव्हती. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या जागी दाबाचं मीटर लावलं. इंजिनाच्या मिनिटाला २५०० फेऱ्यांवर मागचा दाब ०.२ बारच्या आत असावा, इथे ०.३८ होता. त्याच भोकातून कॅमेऱ्याची नळी घातली तेव्हा जाळीचा मधला भाग वितळून काचेसारखा चमकत होता, कडेची भोकं तेवढी शाबूत.

"मंग जाळी काहाडूनच टाकू ना, बाकीचे तं तसंच करून राहिले," मालक म्हणाले.

"काढता येईल काका, पण मागचा सेन्सर रोज बोंबलेल, पीयूसीत अडकाल, आणि प्रदूषणाचा नियम मोडला म्हणून दहा हजारांपर्यंत दंड बसू शकतो."

दहा हजारांची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आहे, शिक्षेचीही. मला त्याहून खटकतं ते वेगळंच: जाळी काढून देणारे ती भंगारात टाकत नाहीत. तिच्यातल्या धातूंना चांगला भाव येतो. फुकटात काढून देतो म्हणणाऱ्याला जुनी जाळी परत मागून पाहावी.

मालकांनी दोन दिवस विचार केला आणि नवी कॅट टाकली. हीट शील्डचा बोल्ट आणि कडक झालेली रबरं तेव्हाच बदलली.

ज्यांच्याकडे बीएस-६ डिझेल आहे त्यांना यातलं बरंचसं लागू होत नाही. तिथे काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करताना धूर मुद्दाम सहाशे अंशांच्या आसपास तापवतो. तेव्हा आयडल थोडं चढतं, गाडी बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो, गरम वास येतो. हा बिघाड नव्हे. पण अशा वेळी गाडी कुटाराच्या (भुशाच्या) ढिगाजवळ किंवा वाळल्या गवतावर उभी करू नये, कारण गवताला बिघाड आणि साफसफाई यांतला फरक कळत नाही. हीच साफसफाई दर आठवड्याला होऊ लागली तर मात्र इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि टर्बोचे पाइप तपासायला हवेत.

हजारेक किलोमीटरनंतर हॅचबॅक पुन्हा पाहिली. ट्रिम अधिक ३ टक्क्यांवर. तेवढं इथेनॉलच्या खात्यात टाकायला माझी हरकत नाही. मिसिंग शून्य, पी-०४२० परत आलेली नाही, अ‍ॅव्हरेज पंधरा-साडेपंधरा. बाकीच्या तीन कॉइल जुन्याच आहेत. त्याच वयाच्या, तेवढ्याच तापलेल्या, म्हणून त्याही बदला असं मी सुचवलं होतं. मालक म्हणाले, मृगाचा बहार विकला की पाहू. तोवर दिवा लुकलुकला तर गाडी आहे तिथून फोन करायचा, असं ठरलं आहे.